शुक्रवारची रेघ

१

कशेळीच्या खाडीत शनिवारी सकाळी जो मुलगा सापडला, त्याची कमाई आदल्याच रविवारी मुंबईच्या एका मोठ्या इंग्रजी पेपरात छापून आली होती. महिना तीन लाख. पोलिसांना त्याच्या खिशात बारा रुपये मिळाले.

भाविक त्याचं नाव, गाव अंजूर, वय चोवीस. तो इंटरनेटवर 'गाळा नंबर सात' नावाची चित्रकथा काढायचा. आठवड्याला दोन-तीन पट्ट्या, कुणीही फुकट वाचाव्यात. गोष्ट अशी की गोदामांच्या रांगेत एक गाळा आहे, त्याचं शटर कधीच उघडत नाही. आत काय आहे असं जो विचारतो, तो पुढच्या पट्टीत दिसत नाही. खाली तारीख आणि सही, 'गाळेकर'.

मी रीमा. माहेर वज्रेश्वरीचं, मुक्काम भिवंडी. विमा कंपन्यांसाठी मृत्यूच्या दाव्यांची चौकशी करते. कुणाचं मरण खरं आणि कुणाचं सोयीचं, हे शोधायचं आणि कागद पुढे पाठवायचा. दारात माझी स्कूटर थांबली की शेजारच्या खिडक्या लागतात, त्याची मला सवय झाली आहे.

भाविकच्या नावावर त्याच्या आईने एक लहानशी पॉलिसी घेतली होती. तिला वर्ष झालं नव्हतं, म्हणजे आत्महत्या असेल तर कंपनी काही देणं लागत नव्हती. पोलिसांनी आत्महत्याच लिहिली. पुरावा म्हणून शुक्रवारी संध्याकाळी साइटवर आलेली शेवटची पट्टी जोडली होती. एकच चौकट, खाली ओढलेलं शटर, आणि शब्द: 'कंटाळलो. गाळ्याची चावी दीपेशकडे.' तारीख सतरा ऑगस्ट, दोन हजार सात.

"जाऊन फक्त शिक्का मारून ये," आमचे साहेब म्हणाले. फक्त शिक्का मारायचा असेल तर शिपाई पाठवावा. माझं डोकं तिथेच फिरलं.

२

कमळबाईंचं घर अंजुरात अगदी कडेला आहे. ओट्यावर बसलं की समोर गोदामाची पत्र्याची भिंत दिसते. आधी तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं. बाई रडत नव्हत्या. मांडीवर एक जुना मोबाइल ठेवून बसल्या होत्या.

"बाय, माजा पोर जीव देनारा न्हवता."

हे मला प्रत्येक दारात ऐकायला मिळतं. मी नुसती मान हलवली.

"भिवंडीला खोलीवर रहाचा तो. रोज सांजचे मिस कॉल येचा. उचलाचा न्हाय. वाजला का समजाचा, पोर जेवला." त्यांनी मोबाइलवरून हात फिरवला. "गुरवारी वाजला न्हाय."

"गुरुवारी? पट्टी तर शुक्रवारी आली."

"तेच हवालदाराला सांगला. तो हासला. म्हनं, जो कॉल आलाच न्हाय त्याचा पुरावा कसा लिवू?" मग माझ्याकडे रोखून बघत त्या म्हणाल्या, "तीन लाख कमावनारा पोर आयशीला मिस कॉल देल का गो?"

मी पॉलिसीचा कागद पुन्हा फाइलमध्ये घातला.

पेपर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाविकचे काका चांगदेव चार माणसं घेऊन आले होते आणि हिस्सा मागून गेले होते. कमळबाईंच्या मते पोराला त्यांनीच खाल्लं. उठताना त्यांनी माझा हात धरला.

"पयशे नको देव. फकस्त लिव, त्यानं जीव दिला न्हाय. गाव बोलतंय, आयशीला टाकून गेला. ता मना सोसत न्हाय."

३

चांगदेवशेठ गोदामाच्या ऑफिसात पंख्याखाली बसले होते. गळ्यातली साखळी चित्रकथेतल्या जाड्या शेठसारखीच, कडीला कडी जुळेल इतकी. पुतण्याने काकाला चांगलंच उतरवलं होतं.

"हिस्सा मांगला, त्यान काय चुकला?" ते माझ्यावरच उखडले. "जमीन आमची, गाला आमचा, शटर आमचा. त्याचे चित्रांवर ह्यो लाखो खानार आनि भावकीनं बघत रहाचा? जमीन इकली तवा मी त्याचे आयशीला हिस्सा दिलाच ना?"

त्यांच्या हिशोबात चूक शोधणं कठीण होतं. इथे जमिनीतून जे निघेल ते भावकीत वाटलं जातं, मग तो भात असो, बिल्डरचा चेक असो नाहीतर चित्र.

"गुरुवारी संध्याकाळी कुठे होतात?"

"देवलान, भजनाला. सगला गाव व्हता." ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणत म्हणाले, "मॅडम, तुमी कागद बगलंव. ते पयशे त्यानं ठेवलंन कुटं?"

माणूस अजून शोधत होता. मला हसू आलं आणि नंतर वाईट वाटलं.

तिथून मी भाविकच्या खोलीवर गेले. खोली कसली, भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यावरचा माळा. मागून लोखंडी जिना, वर पत्रा, आणि खाली कापड विणणारे चोवीस लूम धडधडत होते. भाडं स्वस्त, कारण तिथे कुणी राहूच शकत नाही. टेबलावर फाइल ठेवून मी दोन ओळी लिहिल्या, तर माझंच अक्षर मला वाचता येईना. टेबल, खुर्ची, पेन, सगळं खालच्या ठोक्यांनी थरथरत होतं.

मुकादम नसीमभाई वर आले. एकमेकांच्या कानाशी ओरडल्याशिवाय बोलताच येत नव्हतं.

"भाविक भाई शरीफ लड़का था," ते ओरडले. "पंद्रह अगस्त को बुधवार था, लूम बंद थे, नीचे बैठ के साथ में चाय पी. उसके बाद मुलाकात नहीं हुई."

"स्वातंत्र्यदिनाची सुट्टी देतात वाटतं तुमचे सेठ?"

"सेठ?" नसीमभाई तोंड वाकडं करून हसले. "एक हाथ से देता है, दूसरे से काट लेता है."

मी मान हलवली आणि जिना उतरले. त्या वाक्याशी मी जरा थांबायला हवं होतं.

४

पेपरात लेख लिहिणारी उन्नती ठाण्याची होती. ती मला तिच्या ऑफिसखालच्या कँटीनमध्ये भेटली. लेखाचा मथळा मोठा होता, फोटो भाविकचा पाठमोरा, आणि एका कोपऱ्यात रंगीत चौकोनात हिशोब: महिना बारा लाख हिट्स, हजार हिट्समागे जाहिरातीचे इतके, म्हणून तीन लाख. शिवाय एक अख्खा परिच्छेद त्याच्या 'थरथरत्या, भयग्रस्त रेषे'वर होता. ही म्हणे त्याची शैली. मला माळ्यावरचं टेबल आठवलं.

"आकडा कुणी दिला?"

"दीपेशने, ईमेलवर. तो साइट सांभाळतो. पट्ट्या भाविकच्या, बाकी सगळं दीपेशचं." ती चहा ढवळत राहिली. "मला तेव्हा हिट्स म्हणजे माणसं वाटली होती. एक पान उघडलं की त्यातलं प्रत्येक चित्र, प्रत्येक बटण वेगळी हिट मोजली जाते. हे मला नंतर भाविकने सांगितलं."

"भाविकने?"

"बुधवारी त्याचा मिस कॉल आला, मी उलटा फोन केला. म्हणाला, ताई, खरे वाचणारे काही हजार आहेत. जाहिरातवाली कंपनी शंभर डॉलर साठल्याशिवाय चेक पाठवत नाही, आणि दोन वर्षांत आमचे शंभर झालेले नाहीत. चूक छापा, नाहीतर काका आईला गावात राहू देणार नाहीत."

"छापलीत?"

"संपादक म्हणाले, चित्रवाल्याच्या हिट्सची दुरुस्ती कोण वाचतो? मग तो म्हणाला, ठीक आहे, शुक्रवारच्या पट्टीत मीच खरा आकडा काढतो." तिने कप बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, "मी पडताळून बघायला दीपेशला फोन केला. गुरुवारी दुपारी. म्हटलं, तुमचा गाळेकर तर आकडा खोटा म्हणतोय."

तिचा चहा तसाच गार झाला.

निघताना तिने मला ऑफिसच्या कंप्युटरवर साइट दाखवली. नवी पट्टी आली होती. तीच थरथरती रेघ, तीच 'गाळेकर' सही, तारीख त्याच दिवशीची, मंगळवार. चौकटीत बंद शटरसमोर एक बाई स्कूटरवर बसलेली होती, हातात फाइल. तिच्या हेल्मेटला उजव्या बाजूला तडा होता.

माझं हेल्मेट परवाच काल्हेरच्या खड्ड्यात आपटून फुटलं होतं. तडा उजव्या बाजूलाच होता, आणि भाविकला जाळून तेव्हा आठवडा उलटला होता.

५

दीपेशचा सायबर कॅफे एसटी स्टँडजवळ आहे. माणूस गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, बोलताना समोरच्याला खुर्ची पुसून देणारा.

"ही पट्टी ना? कुणीतरी साइट हॅक केलीय, मॅडम. मेलेला गाळेकर अजून चित्रं काढतो, अशी हवा झालीय. हिट्स बघा कसल्या वाढल्यात." त्याला ते सांगताना दुःख होत होतं असं मला वाटलं नाही. "मुंबईची एक कंपनी साइट विकत घेतेय. भाविक असता तर आज खूश झाला असता."

"चित्रं तुम्ही नाही काढत?"

"मी? मला साधं मांजर काढता येत नाही."

"मग शेवटची पट्टी तरी भाविकचीच कशावरून?"

या प्रश्नाची तो वाटच बघत असावा. त्याने लगेच स्क्रीनवर जुन्या पट्ट्या ओळीने लावल्या.

"पेपरवाल्यांना हे कळलंच नाही. ते म्हणाले थरथरती शैली. अहो, शैली कसली, खाली लूम चालू असतात म्हणून हात हलायचा. आता तारखा बघा. मंगळवार, थरथर. गुरुवार, थरथर. आणि ही शुक्रवारची, ही पण शुक्रवारची. एकदम सरळ! भिवंडीचे लूम शुक्रवारी जुम्म्यासाठी बंद, म्हणून. हे बाहेरच्याला माहीतच नाही." त्याने शेवटची पट्टी पुढे आणली. शटरच्या आडव्या रेघा फूटपट्टीने मारल्यासारख्या होत्या. "सतरा तारीख, शुक्रवार. खोटी काढणारा पेपर वाचून थरथरती काढेल. ही सरळ आहे, म्हणजे त्याचीच."

मला हे पटलं. खरं सांगते, पटलं. तरी सवयीने विचारलं, "तुम्ही त्याला काढताना पाहिलंत?"

"शुक्रवारी सकाळी माळ्यावर गेलो होतो. शेजारीच बसलो होतो मी. इतकं शांत होतं की कागदावर पेन घासल्याचं ऐकू येत होतं. काही बोलला नाही तो. मला वाटलं, दमलाय." त्याने डोळे पुसले. "चुकलंच माझं."

मी त्याला तेच सगळं कागदावर लिहून सही करायला सांगितलं. त्याने आनंदाने केली.

स्कूटर काढून मी वंजारपट्टी नाक्यावर आले आणि सिग्नलला उभी राहिले. शेजारच्या कारखान्यात लूम धडधडत होते, आणि सुट्टी देऊन कापून घेणाऱ्या सेठबद्दलचं नसीमभाईंचं ते वाक्य एकदम कानात वाजलं. मागचा ट्रकवाला शिव्या घालायला लागेपर्यंत मी तिथून हलले नाही.

६

पुढच्या मंगळवारी मी सगळ्यांना माळ्यावर बोलावलं. फौजदार साहेब कुरकुरत आले, कारण विम्याच्या कागदावर त्यांचा जबाब लागणार होता. चांगदेवशेठ आले, पैशांचं काही निघेल म्हणून. कमळबाई जिना चढून आल्या आणि पोराच्या खुर्चीला हात लावून उभ्या राहिल्या. दीपेश सगळ्यात शेवटी आला. खाली लूम चालू होते.

मी फौजदारांच्या हातात पेन दिलं आणि टेबलावरच्या कागदाकडे बोट दाखवून ओरडले, "साहेब, एक सरळ रेघ मारा!"

त्यांनी मारली. रेघ नागिणीसारखी वळवळत गेली. मी शेजारी ती शेवटची पट्टी ठेवली.

दीपेश हसला. माझ्या कानाशी येऊन ओरडला, "मॅडम, आज मंगळवार आहे!"

मला त्याच्याकडून एवढंच हवं होतं. मी जिन्यावरून हात हलवला. खाली नसीमभाईंनी लूम बंद करायला लावले. एकेक करत चोवीस लूम थांबले आणि माळ्यावर असली शांतता पसरली की पत्र्यावर कावळा चाललेला ऐकू आला.

"नसीमभाई," मी म्हटलं, "सत्रह तारीख, जुम्मे के दिन, लूम चालू थे या बंद?"

"चालू थे," ते जिन्यातूनच म्हणाले. "बुध को पंद्रह अगस्त की छुट्टी दी थी न सेठ ने, तो जुम्मे को चलवा के भरपाई कर ली. सवेरे सात से चालू, बीच में बस नमाज़ का टाइम छोड़ा. पूरा कारखाना गवाह है."

दीपेशच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याचा अर्थ गेला.

"मग... मग त्याने दुसरीकडे कुठे बसून काढली असेल."

"तुम्ही सकाळी त्याच्या शेजारी बसला होतात. पेनाचा आवाज ऐकलात. सही आहे तुमची."

फौजदारांनी आता पहिल्यांदा नीट कान दिला. मी त्यांना समजावलं. ही पट्टी इथे, त्या शुक्रवारी काढलेली नाही, म्हणजे ती भाविकची नाही. मग कुणाची? चांगदेवशेठनी कुणाकडून काढवून घेतली म्हणावी, तर त्यांना रेघेतलं काही कळत नाही, आणि ज्याला म्हशीचं दूध हवं तो म्हैस मारत नाही. ते अजून पैसे शोधताहेत. बाहेरच्या कुणी पेपर वाचून काढली असती तर ती थरथरती काढली असती. सरळ रेघ त्यानेच काढावी ज्याला शुक्रवारची खूण माहीत होती, जो हाडाचा भिवंडीकर होता, आणि जो त्या शुक्रवारी मात्र इथे फिरकला नव्हता. सगळं आयुष्य शुक्रवारी लूम बंद बघितलेला माणूस खिडकी उघडून खात्री करत नाही.

"भाविक खरा आकडा छापणार होता," मी म्हटलं. "तो छापला असता तर साइट कुणी फुकटही घेतली नसती. गुरुवारी दुपारी तुम्हाला फोन आला. गुरुवारी संध्याकाळी या आईचा मोबाइल वाजला नाही."

दीपेश कमळबाईंकडे बघायला तयार नव्हता. त्याने त्या वळवळत्या रेघेवरून बोट फिरवलं.

"विकत घेणारा कशेळीला भेटणार, असं सांगून नेलं," तो शेवटी म्हणाला. "पुलाजवळ हात जोडले त्याच्यापुढे. म्हटलं, एक महिना गप्प बस, दोघांचं भलं होईल. म्हणाला, आईला गावात तोंड दाखवायचंय मला. दोन वर्षं कॅफेचं नेट फुकट दिलं मी त्याला, मॅडम. दोन वर्षं! पहिल्यांदा कुणी विचारलं आम्हाला, आणि तो ते बंद करायला निघाला होता."

कमळबाई पुढे आल्या. मला वाटलं, मारतील. त्यांनी फक्त विचारलं, "जेवला व्हता का रं तो?"

दीपेश खाली बसला आणि रडू लागला.

संध्याकाळी त्याच्या कॅफेतल्या मशिनवर हेल्मेटवाली पट्टी सापडली; भिवंडीतल्या माझ्या फेऱ्या त्याने पहिल्यापासून हेरल्या होत्या. तिच्या पुढचीही तयार होती. त्यात शटर होतं, स्कूटर होती. बाई नव्हती.

७

दावा मंजूर झाला. मी अहवालात कमळबाईंना हवं होतं ते वाक्य लिहिलं, वेगळ्या ओळीत, आणि त्याची प्रत त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती देवळात सगळ्यांसमोर परत वाचायला लावली. चांगदेवशेठ खाली मान घालून ऐकत होते.

पेपरने पुन्हा मोठा लेख छापला, या वेळी पहिल्या पानावर. मग टीव्हीवाले आले. देशभरातून माणसं त्या साइटवर लोटली. खरी माणसं, हिट्स नव्हेत.

दिवाळीनंतर कमळबाईंचा मिस कॉल आला. मी अंजूरला गेले. परदेशी तिकिटाचं पाकीट आलं होतं. जाहिरातवाल्या कंपनीचा चेक, भाविकच्या नावाने, कारण जाहिरातींचं खातं त्याच्याच नावावर होतं. पेपरने पहिल्यांदा छापलेल्या तीन लाखांपेक्षा थोडा जास्तच भरला.

"ह्यो त्याचे चित्रांचा हाय?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं की लोकांनी सगळ्यात जास्त एकच पट्टी उघडून पाहिली, ती शेवटची. सरळ रेघेची.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. "म्हनजे त्याचे मारनाऱ्याचे चित्राचा."

जळलेल्या, बुडालेल्या, गेलेल्या सगळ्याची किंमत मी कागदावर मांडते. तो माझा धंदा आहे. त्या ओट्यावर मला माझ्या धंद्याची शिसारी आली.

कमळबाईंनी चेक पुन्हा पाकिटात घातला, पाकिटाची कड नखाने नीट दाबली आणि ते माझ्या हातात दिलं.

"तुजे त्या पेपरवालीला नेऊन दे," त्या म्हणाल्या. "तिला सांग, तुजा हिशोब बरोबर आला."